दादा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज नेहमीसारखा टेकचा विषय नाही. आज जरा घरातलं बोलणार आहे. हेडफोन लावून ऐकत असाल तर बरंय, कारण मध्ये माझा आवाज थोडा बसलाय. एडिट करून काढणार होतो, मग म्हटलं राहू दे.

मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये आम्ही सहा जण जेवायला बसलो होतो. एकाने फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरणारी एक यादी होती. कोणत्या समाजाचे किती टॉपर, किती आयएएस, किती आयटीत. खरी की खोटी, कुणी तपासली नाही. तो म्हणाला, "शेवटी जीन्समध्येच असतं रे. कितीही सवलती द्या, काही समाजांना शिक्षणाची आवडच नसते."

माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं आणि बंजाऱ्यांतही. त्याला माहीत नव्हतं की मी बंजारा आहे. सगळे हसले, मीपण हसलो. डबा बंद केला, बेसिनवर हात धुतले आणि आरशात बघून स्वतःला विचारलं, तू का हसलास?

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. तो खरंच ओशाळला. म्हणाला, "अरे तुझ्याबद्दल नव्हतं ते. तू वेगळा आहेस." माणूस वाईट नाही तो. पण ते "तू वेगळा आहेस" माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी वेगळा नाहीये, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्याकडे पुरावा आहे. माझा चुलतभाऊ.

दोन पोरं, एक आजी

आमचा तांडा बीड जिल्ह्यात. आई-वडील आणि काका-काकू, दोन कोयते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यायची, ती घरात, आजारपणात, लग्नात संपते. मग दिवाळीच्या आसपास ट्रक येतो. बैल, भांडी, पोरं सगळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं आणि पाडव्याच्या आगेमागे परत यायचं. तोवर उचल फिटली तर फिटली.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी पाच वर्षांचा झालो, त्या साली आजीचे गुडघे गेले. ती तांड्यावरच राहणार असं ठरलं. मग प्रश्न आला की पोरांचं काय. आजी म्हणाली, "मी एकालाच बघू शकते." आणि हिशोब अगदी सरळ होता. आठ वर्षांचा पोरगा फडावर कामाला येतो. कोपीवर लहान बहिणीला सांभाळतो, पाणी आणतो, बैलांना वाढे टाकतो. पाच वर्षांचं पोर नुसतं खातं. म्हणून मी मागे राहिलो आणि तो ट्रकमध्ये चढला.

एवढंच. माझं इंजिनिअर होणं तिथून सुरू होतं. त्यात माझी हुशारी कुठे आहे, मला दाखवा.

आता दादाचं डोकं सांगतो. दहा वर्षांचा असताना त्याने मुकादमाच्या वहीतली चूक पकडली होती. पंधरवड्याच्या हिशोबात आमच्या दोन कोयत्यांचे तीन टन कमी लागले होते. वहीला हात न लावता, गाडी कुठल्या दिवशी किती भरली ते त्याने तोंडाने सांगितलं. मुकादमाने आधी शिवी दिली, मग पुन्हा बेरीज केली, मग तीन टन वाढवले. त्या रात्री काकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, असं आई अजून सांगते.

असा पोरगा सातवीत शाळेतून सुटला. साल २००७. का? तुम्ही म्हणाल गरिबी. बरोबर आहे, पण गरिबी नक्की कुठून आत शिरते ते बघा. शाळा जूनमध्ये सुरू होते. दिवाळीपर्यंत पहिलं सत्र. दादाला दर वर्षी फक्त पहिलं सत्र मिळालं. म्हणजे त्याच्या डोक्यात प्रत्येक इयत्तेचं अर्धंच पुस्तक आहे. भागाकाराची सुरुवात आहे, शेवट नाही. अपूर्णांकांची बेरीज आहे, गुणाकार नाही. पुढच्या वर्षीचं पुस्तक मात्र धरून चालतं की मागचं सगळं तुम्हाला येतंय.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा अर्धाच पोचलाय आणि आपण म्हणतोय की प्रोसेसर स्लो आहे. ऑफिसमध्ये सिस्टीम बंद पडली तर आपण आधी लॉग बघतो ना? हार्डवेअर बदला म्हणून कुणी पहिल्या मिनिटाला ओरडत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र लॉग न बघता थेट जीन्सवर जातो.

मी पाचवीला आश्रमशाळेत गेलो. त्याच वेळी काका दादाचं नाव घालायला आले होते. सातवीच्या वर्गात घ्यायला ते तयार नव्हते, कारण त्याला सातवीचं येत नव्हतं. आणि पाचवीत बारक्या पोरांबरोबर बसायला त्याला लाज वाटली. परत जाताना त्याने मला त्याची कंपासपेटी दिली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्यात वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागं पडलेल्या मुलाला वेगळं शिकवायची तरतूद आहे. दादासाठी तीन वर्षं उशीर झाला होता.

याडी

दुसरी गोष्ट भाषेची. ही मी आजवर मित्रांनाही सांगितली नाहीये.

आमच्या घरात गोरमाटी बोलतात. मराठी नाही. गोरमाटीत आईला "याडी" म्हणतात. पहिलीत बाईंनी चित्र दाखवून विचारलं, "ही कोण?" मी जोरात म्हणालो, "याडी!" सगळा वर्ग फुटला. तुम्हाला माहितीये आमच्याकडे गावात "येडी", "याडी" म्हणजे काय. बाईंनाही हसू आवरलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रगतिपुस्तकावर शेरा आला, "अबोल आहे, आकलन कमी."

आकलन कमी नव्हतं हो. मी आधी ऐकलेलं मनात गोरमाटीत करायचो, मग उत्तर मराठीत जुळवायचो, तोवर दुसऱ्या कुणीतरी हात वर केलेला असायचा. ज्याच्या घरी पुस्तकातलीच भाषा बोलतात त्याला हे काम करावंच लागत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं पोर, भामरागडला माडिया बोलणारं पोर, नंदुरबारच्या डोंगरातलं भिली बोलणारं पोर, सगळे हेच करतायत. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली, ती काही हौस म्हणून नाही.

आकडा हवा असेल तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के. आमचा, म्हणजे विमुक्त-भटक्यांचा, असा वेगळा आकडाच नाही. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जाती मोजून त्याचे आकडे बाहेरच आले नाहीत. पुढच्या जनगणनेत जात मोजणार असं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलंय. बघू.

आमच्या लोकांना आवडच नाही?

आता "आवडच नसते" या वाक्याकडे येतो.

रेल्वे यायच्या आधी या देशात धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून जायचं. ते नेणारे आम्ही. त्याला लदेणी म्हणतात. शेकडो, कधी हजारो बैलांचे तांडे. कुठे काय भाव, कुठे पाणी, किती दिवसांचा रस्ता, उधारी किती, सगळा हिशोब डोक्यात. आजच्या भाषेत सप्लाय चेनच की. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढे रूळ पसरत गेले आणि लदेणी संपत गेली. फिरणाऱ्या माणसाकडे इंग्रज सरकार संशयानेच बघायचं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याचा अर्थ असा की काही जमाती जन्मतःच गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. वेगवेगळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्याही काही गटांना या यादीत घातलं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला. म्हणून आम्ही "विमुक्त".

विचार करा. ज्या काळात काही घरांत मॅट्रिकची, वकिलीची दुसरी-तिसरी पिढी चालू होती, त्या काळात काही जमाती पोलीस पाटलाकडे हजेरी देत होत्या. आणि आज आपण दोघांच्या नातवांचे मार्क शेजारी ठेवतो आणि म्हणतो, बघा, फरक आहे.

अजून एक गंमत. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत येतो, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. माणसं तीच, भाषा तीच, सोयरीक सीमा ओलांडून होते. मग ते जीन्स तपासणारे लोक नक्की कुठल्या खान्यात बसवणार आम्हाला?

फक्त आमचंच असंही नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. सरकारने नाकारला, बाकीचे शाळा सोडतील म्हणून. डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. आणि उलट बाजूही बघा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९०२ मध्ये निम्म्या जागा राखीव केल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांनी आधी काय दिलं? राहायला जागा आणि जेवण. त्यांना कळलं होतं की पोरगं शाळेत टिकत नाही ते डोक्यामुळे नाही.

दोन प्रयोग आणि एक खटला

तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनिक झालं, डेटा दे. घ्या.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात एक प्रयोग केला. २००४ मध्ये त्याचा पेपर आला. सहावी-सातवीतली मुलं, ३२१ उच्च जातींची, ३२१ दलित. कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायची, बरोबर आलं की पैसे. जेव्हा कुणाची जात जाहीर केली नाही, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांमध्ये सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, जात वाचून दाखवली. दलित मुलांची कोडी झपकन कमी झाली. तसलीच मुलं, तशीच कोडी. बदललं काय, तर खोलीत काय बोललं गेलं ते. मी हा पेपर वाचला तेव्हा मला ते "याडी" आठवलं.

दुसरा प्रयोग रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, २०१२ चा. मुलांची परीक्षा घेतली, उत्तरपत्रिकांच्या प्रती काढल्या आणि वरच्या पानावर वय, जात, मुलगा की मुलगी हे चिठ्ठी टाकल्यासारखं कसंही लिहिलं. शिक्षकांनी तपासल्या. वर खालची जात लिहिली असेल तर मार्क थोडे कमी पडले. फार नाही, थोडे. आणि धक्का कशाचा बसला माहितीये? हा भेदभाव खालच्या जातींतल्या शिक्षकांकडूनच जास्त झाला. म्हणजे हा काही व्हिलन शोधायचा खेळ नाही. ती समजूत आपल्या सगळ्यांच्या आत शिरलीये. मी जेवणाच्या टेबलावर हसलो ना, तसं.

आणि खटला युरोपातला. चेक देशात ऑस्त्रावा नावाचं शहर आहे. तिथे रोमा मुलांना सर्रास मतिमंद मुलांच्या विशेष शाळेत घालत होते. टेस्ट घेऊन बरं का, अगदी शास्त्रीय. त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जायची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट होती. अठरा मुलांच्या वतीने केस झाली आणि १३ नोव्हेंबर २००७ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव आहे. त्या टेस्ट बहुसंख्य समाजाच्या मुलांना धरून बनवलेल्या होत्या. रोमांवरही कित्येक शतकं भटके आणि चोर हाच शिक्का. मला ते वाचताना आमच्या तांड्यावरचं वाचतोय असंच वाटलं.

फरक कमी होतो का? होतो. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात बांगलादेशी कुटुंबांतली मुलं निकालात बरीच मागे होती. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत त्यांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहे. एका पिढीत जीन्स बदलतात का हो? भाषा आली, शाळा सुधारल्या, घरं स्थिरावली, आई-बाप तिथेच वाढलेले झाले.

थोडं आमच्या बाजूचंही

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलतो. हो, मला इंजिनिअरिंगला कॅटेगरीतून सीट मिळाली. फी माफ होती म्हणून शिकलो. लपवत नाही. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून गेलं, दोन विषय राहिले. तिसऱ्या सेमिस्टरपासून एकही राहिला नाही. मला दार उघडून दिलं होतं, पेपर मीच लिहिले.

आणि आमच्यातही सगळं छान नाही. पोरींची लग्नं लवकर होतात, कारण कोयता जोडीचा लागतो, लग्न झालं की उचल जास्त. तांड्यावरची जी चार घरं आधी वर आली, त्यांच्याच पोरांना पुढच्या जागा मिळतात. आणि मी स्वतः? होस्टेलवर आईचा फोन आला की खोलीबाहेर जायचो, गोरमाटी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. सहा वर्षं. याचा दोष मी कुणावर ढकलू?

यंदाचा ट्रक

आता मी हा एपिसोड आत्ताच का केला, ते.

दादा आजही ऊसतोडीला जातो. त्याची मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत. गणपतीत मी घरी गेलो तेव्हा ती माझ्या फोनवर पाढे म्हणत होती. बाराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. उलटा! दादा कौतुकाने बघत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

रात्री मी म्हटलं, "दादा, हिला यंदा नेऊ नको. पैसे मी देतो."

तो म्हणाला, "पैशाचं नाही रे. आजी आता नाही. रात्री हिला कोण बघणार?"

वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोरगी मागं ठेवून तिकडं माझा कोयता चालंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॅपटॉपवर जगातली सगळी उत्तरं शोधणारा मी, गप्प बसलो.

मग दोन दिवस रजा वाढवली आणि शाळेत गेलो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलं गावातच राहतात, शाळा व्यवस्थापन समिती बघते, जेवणाचे पैसे सरकार देतं. गुरुजी चांगले आहेत, त्यांनी यादी काढली. आमच्या तांड्यावरची एकोणीस मुलं. मी बसून एकोणीस फॉर्म भरले. प्रस्ताव वर गेलाय. दादाने एकच विचारलं, "मंजुरी पाडव्याला आली तर?" कारण ट्रक मंजुरीसाठी थांबत नाही. मी रोज फोन करतोय. वहिनीची आई हंगामभर येऊन राहायला तयार आहे का, हेही विचारणं चालू आहे. अजून काहीच पक्कं नाही. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला सांगेन काय झालं ते.

तुमच्यापैकी बरेच जण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरचे आहात, मला लिस्नरचा नकाशा दिसतो. कारखान्याच्या आसपास कोप्या दिसतील. तिथल्या पोरांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवायचं. आणि ते नसेल, जन्माचा दाखला नसेल, तरी कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. हे त्या आई-बापांना माहीतच नसतं. तुमच्या ओळखीत तिथले शिक्षक असतील तर एक फोन करा. स्टेटस ठेवण्यापेक्षा तो फोन बरा.

आणि ऑफिसमधल्या त्या मित्राला, कारण तो हे ऐकणार आहे: भावा, तू मला वेगळा म्हणालास. वेगळं काय होतं ते आता तुला कळलं. मला एक आजी होती, तिचे गुडघे दुखत होते आणि ती मागं राहिली. बस्स.

दादाची ती कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे. या वेळी जाताना पुतणीला देऊन आलोय.

चला, तब्येतीला जपा. तुमच्या शाळेत कुणी असा मध्येच गायब होणारा मित्र होता का? तो आता कुठे आहे? व्हॉईस नोट पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात.